घरगुती कॅमेरा स्लायडरची मोटर: आधी उभ्या चढाचा हिशेब

आडव्या रुळावर कॅमेरा सरकवायला फारशी ताकद लागत नाही; फक्त घर्षणाशी झुंजायचं असतं. खरी परीक्षा स्लायडर उभा केल्यावर. म्हणून हिशेब तिथूनच करा. कॅमेरा, लेन्स आणि रुळावर सरकणारी गाडी मिळून २ किलो धरू. जीटी२ बेल्टच्या (दातेरी पट्ट्याच्या) २० दाती पुलीची त्रिज्या सुमारे ०.६४ सेंमी, म्हणजे नुसतं वजन पेलायलाच जवळपास १.३ किलो-सेंमी टॉर्क (फिरवण्याची ताकद) लागतो. वेग वाढला की स्टेपरचा (पावलापावलाने फिरणाऱ्या मोटरचा) टॉर्क घटतो, त्यामुळे निदान दुप्पट-तिप्पट घ्या. ४ किलो-सेंमीच्या आसपासची नेमा १७ (हे मोटरच्या ठरलेल्या मापाचं नाव) स्टेपर इथे बरोबर बसते. स्वस्तातली छोटी स्टेपर २८बीवायजे-४८ मात्र या कामाला नको, तिचा जीव छोटा.

नेमा १७ सहसा एका फेऱ्यात २०० पावलं टाकते आणि या पुलीवर एका फेऱ्यात बेल्ट ४० मिमी सरकतो. म्हणजे एक पाऊल ०.२ मिमी. क्लोज-अपमध्ये हा झटका दिसतो. १/१६ मायक्रोस्टेपिंग (एका पावलाचे १६ तुकडे) लावलं की चाल मऊ होते.

आवाज थेट रेकॉर्ड करणार असाल तर ए४९८८ ड्रायव्हरमुळे (स्टेपर चालवणाऱ्या चिपमुळे) होणारी किरकिर माइकमध्ये येईलच. शांत चालणाऱ्या टीएमसी२२०८ ड्रायव्हरला थोडे जास्त पैसे मोजा. फक्त टाइमलॅप्सच करायचा असेल तर १-२ आरपीएमची (मिनिटाला १-२ फेऱ्यांची) गिअर असलेली डीसी मोटरही चालते, प्रोग्रॅमिंगची कटकट नाही.

आणि हो, वीज गेली की उभ्या स्लायडरवर स्टेपर कॅमेरा धरून ठेवत नाही. खाली हात ठेवा, किंवा वर्म गिअरची (वजनाने उलटी न फिरणाऱ्या, स्क्रूसारख्या गिअरची) मोटर बघा.