माळव्याच्या कोरड्या हवेत फुलं वाळवून टिकवायची कशी

इंदुरात फुलं वाळवायला वर्षातले सगळ्यात चांगले दिवस म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापासून रंगपंचमीच्या गेरीपर्यंतचे (गेर म्हणजे इथली रंगांची मिरवणूक). थंडी ओसरलेली असते, हवेतली ओल उतरलेली असते आणि ऊन अजून फारसं चढलेलं नसतं. एप्रिल-मेमध्ये हवा याहून कोरडी होते, पण तोवर बागेतली हिवाळी झाडं करपून जातात. जुलै-ऑगस्टमध्ये डब्यातले पापडसुद्धा मऊ पडतात, तिथे फुलांचं काय सांगावं! म्हणून फुलदाणीत वर्षभर टिकणारी फुलं हवी असतील तर आधी कॅलेंडर घ्यायचं आणि मागे मोजत यायचं. फेब्रुवारीअखेर कापणी हवी, तर बी नवरात्राच्या सुमारास मातीत पडायला हवं. वाळवलेली फुलं तपकिरी पडली, गळाली, की लोक वाळवण्याच्या पद्धतीला दोष देतात. बहुतेक वेळा चूक त्याच्या आधीच झालेली असते, पेरणीच्या वेळेत किंवा कापणीच्या घडीत.

कोणती फुलं लावायची

काही फुलं झाडावर असतानाच अर्धी वाळलेली असतात. स्ट्रॉफ्लॉवरच्या ज्या चकचकीत रंगीत पाकळ्या आपण पाहतो त्या खऱ्या पाकळ्या नसतात, ती कागदासारखी कोरडी छदं, म्हणजे फुलाभोवतीची बदललेली पानं, असतात. खरी फुलं मधल्या पिवळ्या चकतीत. स्टॅटिसचं जांभळं-निळं नळकांडं म्हणजे त्याचा निदलपुंज, फुलाचं बाहेरचं आवरण; त्यातून डोकावणारं पांढरं इवलंसं फूल कधीच गळून जातं. गोम्फ्रेना, म्हणजे आपलं गुलमखमल, त्याचे गोंडेही छदांचेच. या भागांत मुळातच पाणी कमी, म्हणून वाळल्यावर त्यांचा आकारही बदलत नाही आणि रंगही फारसा उतरत नाही. पहिल्या वर्षी हीच तीन लावावीत. पाकिटावर स्ट्रॉफ्लॉवरचं नाव बऱ्याचदा हेलिक्रायसम असं छापलेलं असतं, ते पाहून घ्या.

जागा उरली तर लार्कस्पर, नायजेला आणि कोंबडा, म्हणजे मखमली तुऱ्याचं फूल. नायजेला ही आपल्या कलौंजीची चुलत बहीण. तिची फुलं दोन दिवसांची, पण मागे राहणारी फुगीर, पट्टेदार बोंडं अप्रतिम दिसतात, आणि तीच वाळवायची.

मोगरा, जास्वंद, चाफा यांच्या वाटेला जाऊ नका. त्यांच्या पाकळ्या रसरशीत, वाळताना काळ्याच पडतात. लाल गुलाबही वाळल्यावर जवळजवळ काळा दिसतो. गुलाबच हवा असेल तर गुलाबी किंवा केशरी घ्या, आणि अर्धा उमललेला असतानाच.

माती आणि पेरणी

माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते आणि सुकली की भेगाळते. या फुलांना यातलं काहीच आवडत नाही. अंगणात लावत असाल तर वीतभर उंच गादीवाफे करा आणि वरच्या थरात एक घमेलं मातीला अर्धं घमेलं रेती आणि तेवढंच कुजलेलं खत मिसळा. गच्चीवर कुंड्या असतील तर दहा-बारा इंची कुंडी पुरते, तळाला भोकं मात्र मोकळी हवीत.

खताच्या बाबतीत इंदूरकरांनी दुसरीकडे पाहायची गरज नाही. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथल्याच संशोधन संस्थेत पालापाचोळा, शेण आणि माती-राखेचे थर रचून, ढीग ठरावीक दिवसांनी परतून, साधारण तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसवली. जगभर ती इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते. पावसाळ्याच्या सुरुवातीला गच्चीच्या कोपऱ्यात असा छोटा ढीग लावला तर नवरात्रापर्यंत खत तयार होतं. एवढं खत या फुलांना पुरतं. वरून युरिया घालू नका. देठ लुसलुशीत वाढतात, आणि असे देठ वाळताना मान टाकतात.

आता पेरणी. गुलमखमल आणि कोंबडा ही उन्हाळी-पावसाळी झाडं, त्यांचं बी पहिल्या पावसाच्या आगेमागे, जूनमध्ये टाकायचं. गुलमखमलाच्या बीवर कापसासारखी लव असते, त्यामुळे ते पाणी लवकर पीत नाही. रात्रभर भिजवून मग पेरलं तर उगवण बरी होते. पितृपक्षात माळव्यातल्या मुली भिंतीवर शेणाची संजा काढून फुलांनी सजवतात, त्या सुमारास गुलमखमल भरात येतं आणि दिवाळीपर्यंत चालतं.

स्ट्रॉफ्लॉवर आणि स्टॅटिस सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ट्रेमध्ये पेरा. स्ट्रॉफ्लॉवरच्या बीला उगवायला उजेड लागतो, म्हणून ते मातीत पुरायचं नाही, नुसतं वर पसरून हाताने हलकं दाबायचं आणि झारीऐवजी स्प्रेने पाणी द्यायचं. स्टॅटिस सावकाश उगवतं, दोन-तीन आठवडे धीर धरा. रोपाला चार-पाच पानं आली की फूटभर अंतरावर लावा. स्ट्रॉफ्लॉवर वीतभर झालं की शेंडा खुडा. एका दांड्याऐवजी पाच-सहा मिळतात.

लार्कस्पर आणि नायजेला यांची रोपं उपटून लावलेली त्यांना सोसत नाहीत. नोव्हेंबरमध्ये रात्री गार व्हायला लागल्या की बी थेट वाफ्यात टाका आणि नंतर विरळणी करा. लार्कस्परचं बी विषारी असतं, लहान मुलांच्या हाती पडू देऊ नका.

कापणी: सगळा खेळ इथे

कापणी सकाळी करायची, पण दव पूर्ण उडाल्यावर. साधारण दहा-साडेदहा ही चांगली वेळ. ओलं फूल बांधून टांगलं की गुच्छाच्या मध्यभागी बुरशी धरते, आणि ती वरून दिसत नाही.

प्रत्येक फुलाची घडी निराळी. स्ट्रॉफ्लॉवर कापल्यानंतरही उमलत राहतं. बाहेरच्या दोन-तीन ओळी उघडल्या आहेत, आतली बोंडासारखी मिटलेली आहे आणि पिवळी चकती अजून दिसत नाही, त्याच वेळी कापा. पूर्ण उमललेलं फूल झाडावर मोहक दिसतं, पण वाळल्यावर त्याची छदं मागे दुमडतात आणि मधली चकती तपकिरी होऊन भुसा गाळू लागते. हात आखडतो हे खरं, तरी लवकरच कापा.

स्टॅटिसचं उलट. त्यात घाई केली तर न उघडलेले कळे तसेच आक्रसून राहतात. फांदीवरची जवळपास सगळी फुलं रंगली की मगच कापा. गुलमखमल गोल, भरलेलं आणि बोटांनी दाबल्यावर टणक लागलं पाहिजे. फार दिवस ठेवलं तर गोंडा लांबट होतो आणि खालून गळायला लागतो. लार्कस्परच्या तुऱ्याची खालची दोन-तृतीयांश फुलं उघडली, टोकाला कळ्या शिल्लक आहेत, अशा वेळी. कोंबडा मखमली, भरगच्च दिसायला लागला की, पण तळाशी काळं बी पडायच्या आत.

स्ट्रॉफ्लॉवरच्या मानेचं एक काम ताजेपणीच उरकावं लागतं. त्याचा देठ वाळल्यावर फुलाच्या लगेच खाली मोडतो. म्हणून फूल कापल्याबरोबर देठ बोटभर ठेवा, २२ गेजची तार देठातून वर फुलाच्या गाभ्यापर्यंत खुपसा, पलीकडे येऊ देऊ नका. फूल वाळताना आक्रसतं आणि तारेला घट्ट धरून बसतं. वाळल्यावर तार घालायला गेलात तर गाभा चुरतो.

टांगून वाळवणं

खालची पानं काढून टाका, पानांतच सगळ्यात जास्त पाणी असतं. आठ-दहा दांड्यांचा लहान गुच्छ करा. फुलं एकमेकांना टेकू नयेत म्हणून दांडे थोडे वरखाली ठेवा. बांधायला सुतळी नको, रबर घ्या: दांडे वाळून बारीक होतात, सुतळी सैल पडते आणि सकाळी अर्धा गुच्छ जमिनीवर सापडतो. गुच्छ उलटे टांगायचे, म्हणजे देठ सरळ राहतात.

जागा अंधारी, कोरडी आणि वारा खेळणारी हवी. उजेडाने रंग विटतात, म्हणून उन्हात वाळवणं पूर्ण वर्ज्य. आपल्याकडे वाळवण म्हटलं की पाय आपोआप गच्चीकडे वळतात. फुलांच्या बाबतीत ती सवय सोडावी लागते. जिन्याखालची खोली, माळा, किंवा जाड पडदे लावलेली खोली आणि तिचं दार किलकिलं, एवढं पुरतं. स्वयंपाकघरात टांगू नका, फोडणीची वाफ आणि तेलकटपणा पाकळ्यांवर बसतो.

फेब्रुवारी-मार्चच्या हवेत आठ ते पंधरा दिवस लागतात. वाळलं की नाही ते पाकळीवरून ठरवू नका. दांडा वाकवा, कट् आवाज होऊन तुटला तर झालं, नुसता लवला तर आणखी चार दिवस. मानेजवळ दाबून पाहा, ती सगळ्यात शेवटी वाळते.

दिवाळीच्या आधी कापलेल्या गुलमखमलाला थोडे जास्त दिवस द्या, कारण ऑक्टोबरच्या सुरुवातीला हवेत पावसाची ओल शिल्लक असते.

सिलिका जेल: झेंडू, झिनिया आणि गुलाबासाठी

ज्यांचा आकार टांगल्यावर बिघडतो त्यांना पुरून वाळवतात. ओल शोषून घेणाऱ्या सिलिका जेलचे बारीक दाणे घ्या, साखरेएवढे. ओल दाखवणारे रंगीत मणी मिसळलेलं घेणार असाल तर नारंगी घ्या. निळ्यात कोबाल्टचा क्षार असतो आणि तो आरोग्याला बरा नाही. ओतताना तोंडाला मास्क लावा, धूळ उडते.

घट्ट झाकणाच्या डब्यात बोटभर जाडीचा थर द्या. फुलाचा देठ आखूड कापून ते वर तोंड करून ठेवा. मग चमच्याने आधी फुलाच्या भोवती आणि नंतर पाकळ्यांच्या मधे दाणे सोडत जा. इथे घाई केली की पाकळ्या चेपतात आणि त्या तशाच वाळतात. फूल पूर्ण झाकलं की डबा बंद. झिनियाला तीन ते पाच दिवस, गुलाबाला आठवडा. जास्त ठेवलं तर फूल कुरडईसारखं चुरचुरीत होतं. काढताना दाणे हळूच ओता, फूल ओढू नका, आणि मऊ ब्रशने झटका. वापरलेले दाणे ओव्हनमध्ये १२० अंशावर तासभर-दीड तास तापवले की मूळ रंगावर येतात आणि पुन्हा चालतात.

नर्मदेची बारीक रेती धुऊन, उन्हात वाळवून, चाळूनही हे काम करते. ती जड असल्याने नाजूक पाकळ्यांना मानवत नाही आणि दोन-तीन आठवडे घेते. झेंडूला चांगली.

फुलांखेरीज भर

नुसत्या फुलांनी मांडणी भरत नाही. होळीत भाजायला हिरव्या ओंब्या आणतात, त्यातल्याच लांब दांड्याच्या मूठभर बाजूला काढा आणि अंधारात टांगा; पोपटी रंग बराच काळ टिकतो. निमाडातून कपाशीची वाळकी बोंडं दांड्यासकट मिळाली तर ती काहीही न करता वापरता येतात. निलगिरी आणि सिल्व्हर ओकच्या फांद्या ग्लिसरीनमध्ये ठेवाव्यात: एक भाग ग्लिसरीन, दोन भाग गरम पाणी, देठ ठेचून त्यात चार बोटं बुडवायचे. दोन-तीन आठवड्यांत पानं तपकिरी-हिरवट आणि मऊ होतात, कधीच कडकडत नाहीत.

मंदसौर-नीमच भागातून येणारे अफूचे डोडे, म्हणजे वाळकी बोंडं, सजावटीत फार उठून दिसतात, म्हणून मुद्दाम सांगते: ते आणू नका, घरात ठेवू नका. परवान्याशिवाय अफू लावणं आणि डोडे बाळगणं १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, सजावटीसाठी असले तरीही. नायजेलाची बोंडं त्यांची जागा छान घेतात.

मांडणी

पाणी लागत नसल्याने कुठलंही भांडं चालतं. लोणच्याची जुनी चिनी मातीची बरणी, पितळी तांब्या, वेताची परडी. तळाला रेती भरा, नाहीतर हलकी मांडणी कलंडते. आधी ओंब्या आणि पानांनी उंची ठरवा, मग लार्कस्पर, आणि स्ट्रॉफ्लॉवर सगळ्यात शेवटी, कारण नजर तिथेच थांबते. एकाच भांड्यात सगळे रंग कोंबू नका. पिवळा आणि जांभळा, जोडीला गव्हाचा पोपटी, एवढ्यानेही भांडं भरल्यासारखं दिसतं. खिडकीच्या थेट उजेडात ठेवू नका, पंख्याच्या झोतातही नको.

पावसाळ्यात

जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सिलिकात वाळवलेली फुलं उघड्यावरून उचलून झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा, तळाला सिलिकाच्या पुड्या घालून. ती हवेतली ओल पटकन शोषतात आणि लोळागोळा होतात. स्ट्रॉफ्लॉवर बाहेर राहिलं तरी चालतं. दमट दिवशी त्याची छदं मिटतात, उघडीप पडली की परत उघडतात, त्यात बिघाड काही नाही. जास्तीचे गुच्छ वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवा. खोक्याच्या तळाशी बारीक भुगा दिसला तर कीड लागली आहे असं समजा: तो गुच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा.

धूळ बसली तर केस वाळवायच्या ड्रायरचा थंड, मंद झोत द्या. दीड-दोन वर्षांनी रंग विटले की फुलं कंपोस्टच्या ढिगात टाका, तारा मात्र आधी काढून ठेवा. त्या पुढच्या फेब्रुवारीत लागतील.