बर्कलीच्या पाउवाउला जाण्याआधी

सगळ्यात आधी कॅलेंडर उघडा. ऑक्टोबरचा दुसरा सोमवार अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात अजून कोलंबस डेच आहे, पण कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराने तो १९९२ सालीच बदलून अमेरिकेच्या मूलनिवासींच्या नावे केला. त्या दिवशी पोस्ट बंद, बँका बहुतेक बंद. डीएमव्ही, म्हणजे गाड्यांच्या परवान्यांचं राज्याचं खातं, मात्र चालू, कारण कॅलिफोर्नियाने २००९ मध्ये ही सुट्टी राज्याच्या यादीतून काढून टाकली. शाळांचं डिस्ट्रिक्टनुसार वेगळं, आणि आयटीवाल्यांना बहुधा सुट्टी नाहीच. पण रजेवरून घरात वाद घालू नका. मुख्य सोहळा, म्हणजे मूलनिवासींच्या नाचगाण्यांचा मेळा ‘पाउवाउ’, सोमवारी नसून त्याच्या आगेमागे एखाद्या शनिवारी असतो. नक्की तारीख आयोजकांकडून बघून घ्या आणि तो शनिवार आत्ताच अडवून ठेवा, नाहीतर नवरात्राचं हळदीकुंकू किंवा दिवाळीच्या कार्यक्रमाची तालीम नेमकी त्याच दिवशी येते.

दुसरी तयारी मुलांबरोबर बसून करायची. १९९२ म्हणजे कोलंबसाच्या आगमनाला पाचशे वर्षं. त्याच्या जहाजांच्या प्रतिकृती सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत आणून जंगी साजरं करायचा बेत होता. त्याआधी १९९० मध्ये इक्वादोरमधल्या कितो इथे या पाचशे वर्षांच्या उत्सवाला विरोध म्हणून दोन्ही अमेरिका खंडांतले मूलनिवासी प्रतिनिधी जमले होते. त्या परिषदेनंतर इथल्या कार्यकर्त्यांनी बर्कलीच्या नगरपरिषदेकडे विषय लावून धरला आणि दिवसाचं नाव बदललं. बाकी शहरांना बराच वेळ लागला. मिनिआपोलिस आणि सिअॅटल २०१४ मध्ये, लॉस एंजेलिस २०१७ मध्ये. अध्यक्षांचं पहिलं जाहीरपत्र तर थेट २०२१ चं, बायडन यांचं.

इतकं सांगून झालं की खरा विषय काढा: ही जमीन कोणाची? बर्कली-ओकलंडचा हा पट्टा ओलोनी या मूलनिवासी लोकांचा. फ्रीमॉन्टमधल्या आपल्या लोकांना ओलोनी कॉलेज माहीत असतं, आणि मिशन सॅन होजे हे नाव तर शाळांचं रेटिंग आणि घरांच्या किमती यांमुळे तोंडपाठ असतं. मूळ मिशन, म्हणजे स्पॅनिश ख्रिस्ती धर्मप्रसारकांचं ठाणं, १७९७ चं. तिथे आणलेले हजारो ओलोनी तिथेच वारले, आणि त्यांची दफनभूमी फ्रीमॉन्टमध्येच आहे. चौथीतल्या मुलाला शाळेत मिशन शिकवतातच, तेव्हा हेही त्याच्या कानावर घाला. बर्कली विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी १९२५ मध्ये ही जमात जवळजवळ नामशेष झाल्याचं लिहून टाकलं होतं. लोक तर होतेच, आजही आहेत. विद्यापीठाने २०२१ मध्ये क्रोबर यांचं नाव इमारतीवरून उतरवलं.

एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पाउवाउ हा मूळचा ओलोनी प्रकार नव्हे. त्याची घडण मुख्यतः अमेरिकेच्या मध्यभागातल्या मैदानी प्रदेशातल्या जमातींची. आज मात्र सगळ्या जमाती त्यात येतात. म्हणजे नाचणारे बरेचसे स्वतःही या भूमीवर पाहुणेच असतात, आणि ते तसं बोलूनही दाखवतात.

सामानात घडीच्या खुर्च्या हव्यातच. नाचाच्या रिंगणालगतच्या खुर्च्या नाचणाऱ्यांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या असतात. रिकाम्या दिसल्या तरी त्यांवर बसू नका, आणि त्यांवर शाल टाकलेली असली तर ती सरकवू तर नकाच. टोपी, पाणी, सनस्क्रीन, आणि संध्याकाळच्या खाडीच्या वाऱ्यासाठी जाकीट. रोख पैसे घ्या. दागिने आणि मण्यांचं काम विकणारे कारागीर स्वतः समोर बसलेले असतात, तिथे घासाघीस बरी दिसत नाही. दारू चालत नाही, कुत्रा घरीच ठेवा. जागा म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग सिव्हिक सेंटर पार्क, बार्टच्या (इथल्या लोकल रेल्वेच्या) डाउनटाउन बर्कली स्टेशनवरून चालत काही मिनिटांवर. शनिवारी शेजारीच शेतकरी बाजार भरतो, त्यामुळे गाडी नेलीत तर पार्किंगसाठी गोल गोल फिरण्यात ग्रँड एंट्री, म्हणजे सगळ्या नर्तकांचा रिंगणातला पहिला प्रवेश, हुकेल. ती हुकवू नका.

ग्रँड एंट्री सुरू झाली की उभं राहायचं, टोपी काढायची, आणि निवेदक फोटो नको म्हणाला की फोन खिशात. नर्तकांच्या पोशाखाला कॉस्च्युम म्हणू नका, हात लावू नका, फोटो विचारून काढा. गरुडाचं पीस खाली पडलं तर नाच थांबतो. ते उचलायला धावू नका, मुलांनाही आवरा. ते उचलण्याचा विधी असतो आणि तो मान ठरलेल्या माणसांचा. जिंगल ड्रेसचा नाच आला की कान द्या. धातूच्या शेकडो शंकूंचा तो आवाज घुंगरांच्या जवळचा. हा नाच ओजिब्वे लोकांचा, १९१८ च्या फ्लूच्या साथीच्या सुमारास आजारी मुलीसाठी सुरू झाल्याचं ते सांगतात. निवेदकाने ‘इंटरट्रायबल’ पुकारलं की मात्र लाजू नका, तो नाच सगळ्यांसाठी असतो. आणि ‘आम्हीसुद्धा इंडियन’ हा विनोद कृपा करून घरी ठेवा, त्यांनी तो हजारदा ऐकलेला असतो.

पहाटे उठायची तयारी असेल तर सोमवारी सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या अल्काट्राझ बेटावर सूर्योदयाचा मेळावाही असतो. १९६९ ते १९७१ या काळात मूलनिवासी कार्यकर्त्यांनी ते बेट ताब्यात ठेवलं होतं, त्याची ही आठवण. पहिल्या बोटी सॅन फ्रान्सिस्कोच्या पिअर ३३ या धक्क्यावरून अंधारातच सुटतात, तेव्हा बार्ट सुरू झालेली नसते. तिकिटं आधी काढा, आणि लोकरीचं काहीतरी अंगावर हवंच.

शेवटचं काम घरबसल्या होतं. ओलोनी नेत्या कोरिना गोल्ड यांच्या पुढाकारातल्या ‘सोगोरेया ते लँड ट्रस्ट’ला इथले रहिवासी ‘शूमी’ नावाचा ऐच्छिक भूमीकर देतात. घर भाड्याचं की मालकीचं आणि खोल्या किती, यावरून रक्कम सुचवली जाते. याच ट्रस्टच्या आणि शहराच्या पैशातून पश्चिम बर्कलीतल्या ओलोनींच्या प्राचीन शिंपल्यांच्या टेकाडाची (शेलमाउंडची) जागा, म्हणजे पार्किंग लॉट झालेली सुमारे २.२ एकर जमीन, २०२४ मध्ये ओलोनींकडे परत आली. एमरीव्हिलमधल्या तशाच टेकाडावर मात्र मॉल उभा आहे. दिवाळीच्या खरेदीला तिथे जाणारच असाल, तर रस्त्याच्या पाटीवर ‘शेलमाउंड स्ट्रीट’ का लिहिलंय ते मुलांना सांगा.