गेलेल्या माणसाच्या कपड्यांची गोधडी: सहा जणांचा गट कसा चालवावा

जवळचं माणूस गेलं की कपाटातले त्याचे कपडे हलवायला हात धजत नाही. त्याच कपड्यांची गोधडी शिवायला शिकवली की हात कामाला लागतात, आणि नजर सुईवर असल्यामुळे बोलणंही सोपं जातं. गट सहा जणांचाच ठेवा: गोधडीच्या लांब बाजूंना दोन-दोन, आखूड बाजूंना एकेक. आठवड्यातून एकदा दोन तास, असे आठ आठवडे धरा.

पहिल्या दिवशी कात्री बाहेर काढूच नका. प्रत्येकाने घरच्यांना विचारून दोन सुती कपडे आणावेत. काही घरांत असे कपडे देऊन टाकायची रीत असते, नंतर वाद नको. कपडा कुणाचा, तो कधी घालायचे, हे ज्याला सांगावंसं वाटेल त्याने सांगावं. गप्प बसलेल्याला "तुम्हीपण बोला ना" असा आग्रह करू नका. कापण्याआधी कपड्याचा फोटो काढा. खिसा ठेवायचा की कॉलर, हे ज्याने कपडा आणला त्यानेच ठरवावं, आणि पहिली कात्रीही त्यानेच लावावी. नाही जमलं तर पुढच्या आठवड्यात.

साडेपाच मीटरच्या सुती साडीची तिहेरी घडी घातली की साधारण ६ फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद अस्तर मिळतं. त्यावर ९ इंची ४० चौकोन बसतात (८ गुणिले ५); शिलाईसाठी ते १० इंचांचे कापा. प्रत्येकाचे सहा म्हणजे छत्तीस, चार कोपऱ्यांना जुन्या चादरीचे. सगळं कापड आधी धुवा: कोरं कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि शेजारच्या जुन्याला ओढतं. सिंथेटिक साडी नको, थर एकमेकांवरून घसरतात. चौकोन मशीनवर जोडले तरी चालेल. सगळे हाताने जोडायला घेतले तर माणसं गोधडीपर्यंत पोचण्याआधीच थकतात.

आता सगळे थर जमिनीवर पसरा आणि मधून कडेकडे वीतभर अंतरावर कच्चे टाके घाला. हा टप्पा गाळला तर हमखास पस्तावाल. धावदोरा कडेकडून आत जातो, सैल कापड पुढे ढकललं जातं आणि शेवटी मधोमध फुगा येतो. तो उसवल्याशिवाय जात नाही. कडांना दुसऱ्या साडीच्या काठाची पट्टी लावा, २० फूट लागते. खडूने दोन बोटं, म्हणजे दीड इंचावर एकात एक चौकटींसारख्या ओळी आखा, नाहीतर कोपऱ्यावर जुळत नाहीत.

दोरा जाड, दुहेरी, हातभरच. लांब घेतला की गुंततो. मेणबत्तीवरून ओढला की कमी पिळतो. चार टाके झाले की तळव्याने कापड सारखं करा, कारण दोरा ताणला की चुण्या पडतात. ज्यांना सुईत दोरा ओवायला दिसत नाही त्यांच्यासाठी दहा-बारा सुया आधीच ओवून ठेवा. आपल्या वाट्याची ओळ संपली की दोरा तोडू नका, सुई शेजारच्याच्या हातात द्या. दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्याची तुमच्याकडे येते. ज्याचा हात भरभर चालतो त्याला थांबावं लागतं, आणि त्या थांबण्यातच एकमेकांकडे बघणं होतं. एकूण शिलाई सुमारे १८० फूट, म्हणजे प्रत्येकाला ३०. पाच बैठकांत, दर वेळी ६ फूट, आरामात होते.

वाकडे टाके उसवू नका, सगळे घरी गेल्यावर गुपचूप तर मुळीच नाही. पुढच्या आठवड्यात माणूस आपला टाका शोधतो. गटात रडू आलं तर सुई खाली ठेवून पाणी द्या, बाकीच्यांचं काम चालू राहू द्या. पण कुणाची झोप-जेवण आठवडेच्या आठवडे तुटलं असेल किंवा मरणाची भाषा येत असेल, तर ते गोधडीवर सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन लावून द्या आणि डॉक्टरांकडे सोबत जा.

गोधडी कुणाची, हे पहिल्याच बैठकीत ठरवा. फिरती ठेवणं आम्हाला सर्वांत बरं वाटतं: एकेका घरी महिनाभर, आणि पुढच्या घरी पोचवायला आधीच्या घराने स्वतः जायचं.