ऑफ-सीझनमध्ये पळालेला ड्राइव्हट्रेन जानेवारीत का रडवतो? या चुका टाळा

रोबॉटची उघडी चेसिस, म्हणजे नुसता सांगाडा आणि चाकं पळवणारा ड्राइव्हट्रेन, भन्नाटच पळते. वर ना लिफ्ट, ना इनटेक (वस्तू आत ओढणारी यंत्रणा), ना बंपर. सगळं मिळून जेमतेम २० किलो. आमच्या एफआरसी (फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन, ही शाळकरी मुलांची रोबॉट स्पर्धा) टीमनेही अशीच एक स्वर्व्ह चेसिस (जिचं प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वळतं) गुळगुळीत फरशीवर पळवली, सगळ्यांनी व्हिडिओ काढले आणि त्याच आनंदात सर्वांत वेगवान गिअर रेशो पक्का करून टाकला. जानेवारीत त्या वर्षीचा गेम जाहीर झाला, चेसिसवर एकेक यंत्रणा चढत गेली. पूर्ण वजनाचा रोबॉट स्पर्धेसारख्या कार्पेटवर आला तेव्हा जोरात निघताना दर वेळी आचके देऊ लागला.

ते आचके म्हणजे ब्राउनआउट. व्होल्टेज ६.८ च्या आसपास (जुन्या रोबोरिओ १ वर ६.३) घसरलं की रोबोरिओ, म्हणजे रोबॉटचा मुख्य कंट्रोलर, मोटर्स बंद करतो. साधा हिशोब करा: बॅटरी आणि वायरिंगचा मिळून ०.०२ ओहम रोध धरला, तर २५० अँपिअरला ५ व्होल्ट तिथेच जातात. १२.५ चे ७.५ उरतात. त्यात बॅटरीची लग (वायरच्या टोकाचं, नटाने आवळलेलं धातूचं टोक) सैल असेल आणि ती आणखी ०.०१ ओहम घालत असेल, तर हाती येतात फक्त ५. म्हणून कोड उघडण्याआधी लग बोटांनी हलवून पाहा. हलली, तर ती सैल आहे, नट आवळा. मग कोडमध्ये करंट लिमिट (मोटरने किती करंट खेचावा याची मर्यादा) लावा, आणि तरीही भागलं नाही तर कमी वेगाचा रेशो घ्या. बहुतेक टीम्स नेमक्या उलट्या क्रमाने जातात आणि आठवडा घालवतात.

चाचणी घेताना चेसिसवर वजन लादा. बंपर आणि बॅटरी धरून स्पर्धेचा रोबॉट ६० किलोच्या पुढे सहज जातो. वजनाच्या प्लेट्स चेसिसच्या तळाशी बांधून मोकळे होऊ नका, काही वरही बांधा. गुरुत्वमध्य वर गेला की ब्रेक मारताना काय होतं, ते तेव्हाच कळतं.

फरशीचा दुसरा दगा सहा चाकांच्या टँक ड्राइव्हला (डावी-उजवी बाजू वेगवेगळ्या वेगाने फिरवून वळणाऱ्या) बसतो. मधलं चाक साधारण ३ मिमी खाली ठेवायचं असतं, म्हणजे वळताना टोकाची चाकं कमी घासटतात. कुणीतरी ते विसरतं, पण हलकी चेसिस फरशीवर लोण्यासारखी वळते, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. कार्पेटवर तीच चेसिस वळताना टुणटुण उड्या मारते. उलट, थांबल्यावर पाळण्यासारखी पुढे-मागे डुलत असेल, तर चाक जरा जास्तच खाली गेलंय.

स्वर्व्हमध्ये तीन चाकं एका दिशेला आणि चौथं विरुद्ध जात असेल, तर पोरं आधी मोटर उलटी करतात. थांबा. त्या मॉड्यूलचा (एका चाकाच्या युनिटचा) शून्य कोन बहुधा १८० अंशांनी चुकलाय. शून्य ठरवताना चारही चाकांचे बेव्हल गिअर (चाकाच्या एका बाजूचे तिरक्या दात्यांचे गिअर) एकाच बाजूला हवेत. आणि डोळ्यांच्या अंदाजावर न जाता एका बाजूच्या दोन्ही चाकांना सरळ पट्टी लावूनच कोन नोंदवा.

एका वेळी एकच गोष्ट बदला, हे सगळ्यांना पाठ असतं. तरीही नवा ट्रेड (चाकावरचा रबरी पट्टा) आणि नवा रेशो एकाच संध्याकाळी बसतातच. आणि तुलनेच्या दोन फेऱ्यांपैकी एक ताज्या बॅटरीवर, दुसरी अर्ध्या उतरलेल्या बॅटरीवर झाली असेल, तर ते आकडे फेकून द्या.

ऑटोनॉमसमध्ये (ड्रायव्हरशिवाय, कोडवर चालताना) रोबॉट आधी बरोबर अंतर जात होता, आता कमी पडतो? कोडला शिव्या देण्याआधी कॅलिपर घ्या. १०१.६ मिमीचं चाक झिजून ९८.६ झालं, की रोबॉटला ५ मीटर गेल्यासारखं वाटतं, पण तो १५ सेंमी मागेच थांबलेला असतो. नवा व्यास कोडमध्ये टाका, आणि ट्रेड बदलाल त्या दिवशी पुन्हा मोजा.