कॅमेऱ्याची सिस्टिम हाताला विचारून निवडा: या चुका टाळा

माझ्या फोटोग्राफीच्या रविवारच्या बॅचमध्ये दर महिन्याला कुणीतरी नवा कॅमेरा घेऊन येतं, आणि मी पहिला प्रश्न एकच विचारते: "घेण्याआधी किती वेळ हातात धरला होतास?" उत्तर ठरलेलं असतं. "दुकानात पाहिला होता ना, ताई." मेगापिक्सेल किती, फोकस पॉइंट किती, सेकंदाला फ्रेम किती, हे सगळं तोंडपाठ असतं. पण करंगळी कुठे बसते, चष्मा लावून व्ह्यूफाइंडरचे चारही कोपरे दिसतात का, डोळा न काढता आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) बदलता येतो का, असं विचारलं की मुलं गप्प होतात.

मी पुण्यात १४ वर्षं लग्नं आणि नृत्याचे कार्यक्रम शूट करते आहे. आज निकॉन, कॅनन, सोनी, फुजी यांतला कुठलाही बरा कॅमेरा घेतला तरी अल्बमला पुरेल एवढा चांगला फोटो येतो. सिस्टिम, म्हणजे एका कंपनीची बॉडी आणि तिला बसणाऱ्या लेन्स, निवडताना खरा फरक पडतो तो सकाळच्या सीमांतपूजनापासून रात्रीच्या वरातीपर्यंत तो कॅमेरा हातात राहतो की नाही, याने. तरी वर्षानुवर्षं त्याच त्या चुका बघते आहे, म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

फक्त बॉडीचं वजन बघून खूश होणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. गेल्या वर्षी बॅचमधल्या एका मुलाने सोनीचा ए६४०० घेतला. बॅटरी आणि कार्डासकट ४०३ ग्रॅम. कॅमेरा चांगला आहे, फोकस झटकन पकडतो, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्याने तो घेतला वजनाकडे बघून. "अर्धा किलोसुद्धा नाही ताई, दिवसभर मिरवीन." दोन महिन्यांनी त्याला सोनीची लांबचं जवळ आणणारी ७०-२०० एफ २.८ ची पहिली जी मास्टर लेन्स सेकंडहँड मिळाली. तिचं वजन १४८० ग्रॅम, म्हणजे कॅमेऱ्याच्या साडेतीनपटीहून जास्त.

अनंत चतुर्दशीला सकाळी मंडईतून कसबा गणपतीची मिरवणूक निघाली तेव्हा हा बेलबाग चौकात तयार उभा होता. मानाचे पाचही गणपती पुढे जाईपर्यंत जागा सोडायची नाही असं ठरवूनच आला होता. त्या कॅमेऱ्याची ग्रिप आखूड आणि याचा पंजा मोठा, त्यामुळे करंगळी हवेत. तर्जनीखाली पुढे डायलही नाही. शटर स्पीड आणि ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र) दोन्ही अंगठ्याने फिरवायचं, एक वरच्या डायलवर आणि दुसरं मागच्या चाकावर. म्हणजे पकड धरणारा अंगठाच दर मिनिटाला पकड सोडणार, आणि तेवढा वेळ जवळजवळ दोन किलोंचा भार उरलेल्या बोटांवर. डावा हात लेन्सखाली हवा होता, तोही त्याने कॅमेऱ्याखाली लावलेला.

दुपारी तीनला मला फोन आला. अंगठा वळत नव्हता, बाटलीचं झाकण उघडत नव्हतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला जे स्नायुबंध जातात त्यांच्या आवरणाला सूज आली आहे. डी क्वेर्व्हेन म्हणतात तिला. तीन आठवडे पट्टा लावून बसला बिचारा.

मी त्याचे फोटो पाहिले. पहिल्या अडीच तासांतले सुंदर आहेत. ढोलाच्या टिपऱ्या, ध्वज नाचवणाऱ्या मुलीच्या कपाळावरचा घाम, सगळं जागच्या जागी. एक वाजल्यानंतरची जवळजवळ प्रत्येक फ्रेम उजवीकडे झुकलेली. उजवा हात थकून खाली येत होता आणि त्याला ते कळतही नव्हतं. फोटो हाताबरोबर थकतो, हे तिथे क्रमाने मांडलेलं दिसतं.

आता उपाय. हे कुठल्या शास्त्रात लिहिलेलं नाही, माझी सवय आहे. घेण्याचा विचार असलेला कॅमेरा एक दिवस भाड्याने आणायचा. त्यावर पुढच्या दोन वर्षांत घ्यायची असलेली सगळ्यात जड लेन्स लावायची, तीही भाड्यानेच. मग मंडई आणि तुळशीबागेत तीन तास हिंडायचं, कॅमेरा बॅगेत न ठेवता. दुसऱ्या दिवशी सकाळी कणीक मळायची. अंगठ्याच्या बुडाशी कळ आली तर तो कॅमेरा तुमच्या हातासाठी नाही, त्याचा सेन्सर कितीही गुणी असो. कणीक मळत नसाल तर ओला टॉवेल पिळून बघा, तेच कळेल.

"भाड्याचे पैसे वाया जातात" असं म्हणणारी मुलं हीच, जी लाखभर रुपये एका रात्रीत ऑफर संपतेय म्हणून खर्च करतात. मला याचा मनापासून राग येतो. ऑफर दर सणाला येते. मनगटाचं तसं नाही.

जड लेन्स आणि छोटी बॉडी आधीच घेऊन बसला असाल तर बॉडीच्या तळाला लावायची छोटी एक्स्टेन्शन ग्रिप किंवा एल-प्लेट (एल आकाराची धातूची पट्टी) घ्या. करंगळीला टेकू मिळतो. आणि डावा तळहात लेन्सखाली, कोपर बरगडीला. भार लेन्सखालच्या हातावर हवा, उजव्या हाताने फक्त बटणं चालवायची.

"मिररलेस म्हणजे हलका"

जुन्या डीएसएलआरमध्ये लेन्समागे आरसा असतो, मिररलेसमध्ये तो नसतो, म्हणून मिररलेस हलकाच असं सगळे धरून चालतात. बेरीज करा. निकॉन डी७५० बॅटरीसकट ८४० ग्रॅम, त्यावरची २४-७० एफ २.८ जी ९०० ग्रॅम, एकूण १७४०. मिररलेस झेड६ टू ७०५ ग्रॅम, त्याची २४-७० एफ २.८ ८०५ ग्रॅम, एकूण १५१०. फरक २३० ग्रॅमचा. कॅननची मिररलेससाठीची २८-७० एफ २ तर एकटीच १४३० ग्रॅमची आहे. वजन खरोखर उतरवायचं असेल तर आरसा काढून फारसं भागत नाही. लेन्सचं ॲपर्चर किंवा सेन्सरचा आकार सोडावा लागतो. भिगवणला नावेत बसून फ्लेमिंगो टिपायला निकॉनची २००-५०० नेली की २३०० ग्रॅम नुसती लेन्स. कॅननची आरएफ १००-४०० एफ ५.६-८ फक्त ६३५ ग्रॅमची आहे. एफचा आकडा मोठा तितका आत येणारा उजेड कमी, पण सकाळच्या स्वच्छ उन्हात एफ ८ पुरतं, सिंहगडावर चढतानाही ती जीव काढत नाही. मात्र मांडवातल्या अंधुक प्रकाशात तिचा उपयोग नाही. आधी आपण काय शूट करतो ते ठरवा, मग ग्रॅम मोजा.

दुसऱ्याच्या हाताने कॅमेरा निवडणं

व्हिडिओत ज्यांनी कॅमेरा धरलेला असतो त्यांचे बहुतेकांचे पंजे माझ्या दीडपट असतात. "लहान हाताला लहान कॅमेरा" हा सल्ला मला सुरुवातीला इतक्या जणांनी दिला की मीही तो खरा मानला होता. माझा अनुभव उलटा आहे. लहान बॉडीवर बटणं दाटीवाटीने बसवलेली असतात आणि ग्रिप उथळ असल्यामुळे बोटांनी चिमटा घट्ट धरावा लागतो. खोल ग्रिप असली की बोटं नुसती अडकवून कॅमेरा लोंबतो, आवळावा लागत नाही. माझ्या लहान हाताला कॅननच्या फाइव्ह-डीसारखा ठोकळाही एखाद्या नाजूक कॅमेऱ्यापेक्षा सोसतो तो त्यामुळेच. बायकांनी आणखी एक बघावं: बांगड्या किंवा घड्याळ घालून. हात आत वळला की मागच्या बटणांवर काय आदळतं, ते घरी आल्यावर कळून उपयोग नाही.

डोळ्याला विसरणं

चष्मा असेल तर माहितीपत्रकात आयपॉइंट नावाचा आकडा मिलिमीटरमध्ये दिलेला असतो, तो वाचा. डोळा काचेपासून किती दूर ठेवून पूर्ण चौकट दिसते, ते त्यावरून कळतं. झेड६ मध्ये २१, सोनी ए७ थ्रीमध्ये २३. मी २० च्या खाली जात नाही, कारण कोपरे दिसले नाहीत की मी चष्मा काचेवर दाबते आणि तासाभरात कपाळ दुखतं.

डाव्या डोळ्याने बघणाऱ्यांची पंचाईत वेगळी. ए६४०० सारख्या कॅमेऱ्यात व्ह्यूफाइंडर डाव्या कोपऱ्यात आहे. उजव्या डोळ्याने बघणाऱ्याचं नाक मोकळं राहतं, डाव्यावाल्याचा सगळा चेहरा पडद्यावर दाबला जातो. टचस्क्रीनने फोकस पॉइंट हलवायची सोय चालू असेल तर नाकच फोकस हलवतं! माझ्याकडे आलेल्या "कॅमेऱ्याचा फोकस आपोआप सरकतो" अशा तक्रारींपैकी निदान चार नाकाच्या निघाल्या. मेनूत जाऊन टच पॅड बंद करा, किंवा त्याची जागा फक्त उजव्या अर्ध्या भागापुरती ठेवा.

सिस्टिम बदलून दोन आठवड्यांत काम घेणं

ही चूक मी स्वतः केली आहे आणि तिची बोच अजून गेलेली नाही.

निकॉनवर माझी सुरुवातीची सहा वर्षं गेली, डी७००० आणि मग डी७५०. २०१७ च्या डिसेंबरात मी कॅननचा फाइव्ह-डी मार्क फोर आणि २४-७० एफ २.८ झूम लेन्स घेतली (२४ वर रुंद चौकट, ७० वर जवळचं दिसतं). कॅननमध्ये त्वचेचा रंग छान येतो असं सगळे सांगत होते, मलाही तो आवडला होता. घरात आठ-दहा दिवस फोटो काढले, कॅमेरा समजला असं वाटलं, आणि तेराव्या दिवशी लग्नाला गेले.

कर्वे रस्त्याजवळचं एक कार्यालय. मंगलाष्टकं संपत आली होती. मी अंतरपाटावरून दिसणारे मुलीचे डोळे ७० वर धरून उभी होते. ठरवलं होतं की "सावधान" म्हटलं आणि पाट खाली आला की २४ वर यायचं, दोघं, अक्षता, मागचे मामा, सगळं एका चौकटीत. पाट खाली आला. माझ्या डाव्या हाताने सहा वर्षं जसं फिरवलं तसंच रिंग फिरवली, आणि रिंग हलली नाही. निकॉन आणि कॅननच्या झूमची दिशा उलटी आहे. माझ्या हाताला जी दिशा २४ ची वाटत होती ती इथे ७० ची होती, आणि ७० वर तर मी होतेच. मला वाटलं लेन्स अडकली. मी आणखी जोर लावला. एक सेकंद गेला असेल. तेवढ्यात हार गळ्यात पडले होते. माझ्याकडे मुलीचा कान आणि अर्धा हार एवढंच आहे.

त्या मुलीच्या आईला मी दुसऱ्या फोटोग्राफरने बाजूने काढलेला फोटो दिला. त्यांना काही खटकलं नाही. मला खटकतं.

फक्त झूमच नाही. निकॉनवर अंगठ्याचं डायल शटर स्पीडचं आणि बोटाचं ॲपर्चरचं. कॅननवर बोटाचं डायल शटरचं आणि मागचं मोठं चाक ॲपर्चरचं. निकॉनची लेन्स बसवायची त्याच्या उलट्या दिशेने कॅननची बसते. निकॉनचा चालू-बंद करायचा स्विच शटर बटणाभोवती, मार्क फोरचा डाव्या बाजूला. निकॉनची एफ माउंट (लेन्स बॉडीला जोडायची जागा) १९५९ ची आणि कॅननची ईएफ १९८७ ची. मिररलेस आल्यावर दोघांनी माउंट बदलली, पण लेन्स बसवायची आपापली दिशा बदलली नाही. बदलावं लागतं ते आपल्या हाताला. आणि टॅमरॉनच्या अनेक झूम लेन्स कॅनन माउंटमध्ये घेतल्या तरी निकॉनच्याच दिशेने फिरतात, म्हणजे एकाच बॅगेत दोन दिशा. झूम घेताना हे दुकानातच फिरवून बघा.

तेव्हापासून माझा नियम असा: सिस्टिम बदलली की सहा आठवडे पैशाचं काम नाही. रोज रात्री दिवा बंद करून कॅमेरा मांडीवर. अंधारात आयएसओ ८०० वरून ३२००, फोकस पॉइंट डाव्या कोपऱ्यात, झूम २४, झूम ७०, लेन्स काढ, लेन्स लाव. मग दिवा लावून तपासायचं. सलग तीन रात्री एकही चूक झाली नाही की पहिलं काम घ्यायचं, आणि त्या कामालाही जुना कॅमेरा खांद्यावर ठेवायचा. हे मी बॅचमध्ये सांगितलं की मुलं विचारतात, "ताई, बटणं कस्टमाइज करून जुन्यासारखी केली तर?" डायल होतील. झूमची रिंग मेनूतून उलटी होत नाही, आणि स्विचची जागाही बदलत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

जुने रिव्ह्यू वाचून "सोनीची ग्रिप वाईट" म्हणू नका. २०१३ च्या पहिल्या ए७ ची तशी होती. २०१४ च्या ए७ टूमध्ये ग्रिप मोठी झाली आणि शटर बटण पुढे आलं, २०१९ च्या ए७आर फोरमध्ये ती आणखी खोल झाली. जो मॉडेल घेणार तोच धरा.

फुजीच्या एक्स-टी५ वरची शटर आणि आयएसओची डायल दिसायला सुंदर आहेत आणि कॅमेरा बंद असतानाही सेटिंग दिसतं, हे मला फार आवडतं. पण उजेड मिनिटामिनिटाला बदलणाऱ्या ठिकाणी ती बोटाला लांब पडतात का, ते पारखून घ्या.

डब्यात येणारा गळ्यातला पट्टा डब्यातच ठेवा. खांद्यावरून तिरका जाणारा घ्या.

सेकंडहँड घेताना ग्रिपच्या रबराच्या कडा नखाने हळूच उचलून बघा. घामाने आणि पावसाळी हवेने रबर फुगून सुटतं, आणि पालखीच्या पावसात ओल्या हातात तीच कड निसटते. रबर बदलून मिळतं. दुकानदाराकडून तेवढे पैसे आधीच कमी करून घ्या.

दुकानात जाल तेव्हा कार्ड सोबत न्या, चष्मा लावून जा, आणि काउंटरवर कोपर न टेकता कॅमेरा दहा मिनिटं डोळ्याला लावून उभे राहा. दुकानदार कंटाळेल. कंटाळू दे.