अपघातग्रस्त इलेक्ट्रिक व हायब्रिड गाड्या : उचलण्याआधीची तयारी

गाडी ठेवायची जागा गाडी उचलण्याआधीच ठरलेली असावी. बाकीची तयारी त्यानंतर. मार्च 2018 मध्ये कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथे अपघातात सापडलेल्या टेस्लाची बॅटरी पाच दिवसांनी, यार्डात उभी असताना पुन्हा पेटली. आग विझली तरी बॅटरीतल्या शाबूत सेलमधला (बॅटरी ज्यांची बनते त्या लहान घटकांमधला) विद्युतभार तसाच राहतो आणि आत शॉर्ट झालेला एखादा सेल शेजारच्या सेलनाही तापवत नेतो, म्हणून असे घडते. यार्डात अशा गाडीच्या चारही बाजूंना सुमारे 50 फूट मोकळी जागा हवी. पत्र्याची शेड, तळघर, डिझेलचे पिंप किंवा भंगाराचा ढीग जवळ नको. आपल्याकडे पंचनामा आणि विम्याच्या सर्व्हेअरची पाहणी होईपर्यंत गाडी पुष्कळदा इतर जप्त वाहनांना खेटून उभी केली जाते. तसे होऊ नये म्हणून गाडी हलवण्यापूर्वीच पोलिसांशी बोलून वेगळ्या जागेची परवानगी घ्यावी.

अपघाताचा फोन येताच गाडीचे मॉडेल विचारावे. इलेक्ट्रिक गाडी हिरव्या नंबरप्लेटवरून कळते. मात्र इनोव्हा हायक्रॉस किंवा ग्रँड विटाराच्या हायब्रिड आवृत्तीला इतर गाड्यांसारखीच प्लेट असते, त्यामुळे मागचे बोधचिन्ह आणि उच्च दाबाची वीज वाहणारी नारिंगी केबल पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. उत्पादकाची आपत्कालीन पुस्तिका मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवावी, कारण घाटात रेंज मिळेलच असे नाही.

सोबत 1000 व्होल्ट क्षमतेचे रबरी हातमोजे आणि त्यांवर घालायचे चामड्याचे मोजे असावेत. रबरी मोज्याची मनगटाकडची बाजू गुंडाळत आत हवा कोंडून पाहावी. बारीक भोकातूनही ती निसटत असेल, तर तो मोजा बाद समजावा. नारिंगी केबलला मात्र मोजे घालूनही हात लावू नये; ते काम प्रशिक्षित तंत्रज्ञाचे आहे.

जागेवर पोहोचल्यावर क्रम महत्त्वाचा. गाडीतून सिसकारी, फटफट आवाज, उग्र वास किंवा पांढरी वाफ येत असेल, तर वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला लांब उभे राहून 101 ला (अग्निशमन दलाला) कळवावे. हातातल्या पावडरच्या सिलिंडरने आतले सेल थंड होत नाहीत. अशी लक्षणे नसतील तर चाकांना ठोकळ्यांची अडण लावावी, गाडी बंद करावी आणि स्मार्ट चावी दूर नेऊन ठेवावी, कारण हायब्रिड गाडी इंजिनचा आवाज नसतानाही ‘रेडी’ म्हणजे निघायला तयार स्थितीत असू शकते. 12 व्होल्टची बॅटरी सोडवण्याआधी काचा थोड्या खाली घ्याव्यात, डिकी उघडावी आणि इलेक्ट्रिक हँडब्रेक सोडवावा. नंतर यांतले काहीच हलत नाही आणि जाम चाकांची गाडी फरफटत न्यावी लागते.

चारही चाके जमिनीवरून उचलली जातील अशी फ्लॅटबेड (सपाट पाटाची वाहक गाडी) मागवावी. मोटरला जोडलेली चाके रस्त्यावर फिरली की मोटर वीज तयार करू लागते. विंचचा (गाडी ओढून चढवणाऱ्या यंत्राचा) हुक पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच अडकवावा. फोर्कलिफ्टचे दाते किंवा साखळी मधल्या तळाखाली कधीही घालू नये, कारण बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांची बॅटरी तिथेच असते.

यार्डात उतरवल्यावर गाडी ताडपत्रीने गच्च झाकू नये, आत वायू साचतो. थर्मल कॅमेऱ्याने बॅटरीच्या तळाचे तापमान ठरावीक वेळाने मोजून वहीत वेळेसह लिहावे आणि वाढ दिसताच अग्निशमन दलाला बोलवावे. काचेवर मॉडेल, अपघाताची तारीख आणि बॅटरीला मार बसला आहे की नाही हे ठळक लिहिलेला कागद लावावा, म्हणजे रात्रपाळीचा पहारेकरीही दुसरी गाडी तिच्या शेजारी लावू देणार नाही.