दुसरं टोक कोण धरणार? एकट्यानं शेतावर खोली बांधताना

कुठल्याही बांधकामावर जाऊन दहा मिनिटं उभं राहा. दोघांतला एक जण काहीच करत नसतो, नुसता धरून उभा असतो. टेपचं टोक, शिडीचा पाय, पाईपचं पलीकडचं टोक, ओळंब्याची दोरी. एकट्यानं बांधायचं तर अंगात बळ असून फारसा उपयोग नाही. या धरणाऱ्याची जागा कशानं तरी भरून काढावी लागते. इंदूरहून देपालपूर रस्त्यानं हातोद ओलांडल्यावर आमचं थोडं शेत आहे. त्याच्या कोपऱ्यावर मी डिसेंबर ते जून अशा सुट्यासुट्यांनी एक खोली उभी केली. प्रत्येक कामाआधी स्वतःला विचारायचो, दुसरं टोक कोण धरणार? उत्तर सापडेपर्यंत कामाला हात लावायचा नाही.

आधी कागद. जमीन शेतीची असेल तर डायव्हर्शन (शेतीची जमीन दुसऱ्या वापरासाठी वळवून घेणं) लागतं का, परवानगी ग्रामपंचायतीची की नगर निगमची, हे पटवाऱ्याला आणि तहसिलीत विचारून घ्या. बांधाला लागून बांधणार असाल तर सीमांकन आधी करून घ्या. खांब उभे राहिल्यावर शेजाऱ्याशी बांधावरून वाद घालण्यात मजा नाही.

माप आणि आखणी

खोली ९ बाय १२ फुटांची ठेवा. त्याचं कारण असं, की ९ आणि १२ बाजू असलेल्या चौकोनाचा कर्ण बरोबर १५ फूट येतो (तीन-चार-पाचचाच हिशोब, तिप्पट केलेला). म्हणजे गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) न लावता, कुणाला न विचारता काटकोन साधतो. एका कोपऱ्यात खुंटी ठोका, तिच्या डोक्यावर खिळा मारा आणि टेपची कडी त्यात अडकवा. झालं, खिळ्यानं टोक धरलं. चारी खुंट्या ठोकल्यावर दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही १५ फूट भरेपर्यंत खुंट्या सरकवत राहा, पाव इंचाचा फरकसुद्धा सोडू नका. खाली सोडलेला पाव इंच छपरावर वसूल होतो.

आमची खोली पश्चिमेकडे बुटकी आहे, साडेसात फूट, आणि पूर्वेकडे ९ फूट. पश्चिमेचं ऊन आणि पावसाचा मारा दोन्ही त्या बुटक्या भिंतीवर कमी बसतात. दार पूर्वेला.

काळी माती

इथे थोडं थांबू, कारण माळव्यात खोली चुकते ती इथेच. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात शेतातल्या भेगेत हात घालून बघा, कोपरापर्यंत जातो. अशा मातीवर दीड फूट खणून विटांची भिंत चढवली की पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच कोपऱ्यातून तिरपी चीर निघते. म्हणून दोन गोष्टी ठरवून टाका: खोली हलकी हवी, आणि तिचं वजन काळ्या मातीवर न पडता खालच्या मुरमावर पडायला हवं.

सहा खांब, म्हणून सहा खड्डे, प्रत्येक २ बाय २ फूट. मुरूम लागेपर्यंत खणा. माझ्याकडे तो साडेचार फुटांवर लागला. पहारीचा आवाज बदलतो. मातीत ती मुकी जाते आणि मुरमाला लागली की खर्र करते. खणायचं ते डिसेंबर-जानेवारीत. पावसाळ्यानंतर लगेच खणलं तर फावड्याला माती चिकटून निम्मा वेळ फावडंच खरवडण्यात जातो, आणि मे महिन्यात तीच माती विटेसारखी कडक होते.

एक पक्की अट: पाच फुटांखाली एकट्यानं उतरायचं नाही. काळ्या मातीची कड ढासळते आणि वर ओढून काढायला कोणी नसतं. पाच फुटांत मुरूम लागला नाही तर हे काम मशिनवाल्याला द्या. अशा मातीसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेनं विकसित केलेली पद्धत आहे. साधारण साडेतीन मीटर खोल गोल भोक पाडून त्याच्या तळाशी फुगीर कांदा करतात. त्याचा व्यास भोकाच्या अडीचपट असतो. माती वर-खाली झाली तरी तो कांदा खाली घट्ट बसून राहतो.

मुरूम लागला असेल तर तळाशी ९ इंच जाडीचं काँक्रीट टाका, त्यातून १० मिलिमीटरच्या चार सळया कड्या बांधून वर काढा. दुसऱ्या दिवशी त्या सळयांभोवती १० इंची पीव्हीसी पाईपचा सव्वापाच फुटांचा तुकडा उभा करून तो काँक्रीटनं भरा. पाईप काढायचा नाही, तो तसाच आत राहू द्यायचा. फुगणारी माती खडबडीत काँक्रीटला पकडून वर ढकलते; गुळगुळीत पाईपवरून तिचा हात सटकतो. पाईपभोवतीही उपसलेली काळी माती परत भरू नका. मुरूम भरून धुमस मारा आणि वरचा थर बाहेरच्या बाजूला उतरता ठेवा, म्हणजे खड्ड्याचा हौद होणार नाही. इथे पाईप धरायला माणूस लागत नाही: मुरूम निम्म्यापर्यंत भरला की पाईप आपोआप उभा राहतो, मग ओळंबा लावून सरळ करा आणि उरलेला भरा.

काँक्रीटचं प्रमाण एकास दीडास तीन: सिमेंट, वाळू, खडी. एका खड्ड्याला साधारण दीड पोतं सिमेंट जातं, म्हणजे सहा खड्ड्यांना नऊ पोती. एका पोत्याला २५ लिटरच्या आसपास पाणी. हातानं कालवताना मिश्रण जड जातं आणि आणखी एक तांब्या ओतायचा मोह होतो. तो तांब्या खाली ठेवा. अर्ध्या-अर्ध्या पोत्याचे घाणे करा, एका दिवसात दोनच खड्डे. पाईप भरताना सळईनं कोचत राहा, नाहीतर आत पोकळ्या राहतात. वरच्या तोंडावर ओलं गोणपाट आठवडाभर.

काँक्रीट ओलं असतानाच १२ मिलिमीटरचे चार बोल्ट त्यात रोवायचे असतात. ते हातात धरून बसू नका. प्लायच्या तुकड्याला चार भोकं पाडून बोल्ट त्यात नटांनी कसा आणि तो तुकडाच पाईपच्या तोंडावर ठेवा. बोल्टचे तीन इंच वर राहू द्या. का, ते आता सांगतो.

नळीतला बुडबुडा

सहाही माथे एका पातळीत आणायला लेव्हलची नळी, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, पुरते. दुसरं टोक कोण धरणार? कोपऱ्यातल्या खुंटीला प्लास्टिकची बाटली उलटी बांधा, तिचा तळ कापून नळीचं टोक बुचातून आत घाला. बाटलीतलं पाणी स्थिर राहतं आणि तुम्ही दुसरं टोक घेऊन सहा जागा फिरता.

मी फिरलो, खुणा केल्या, काँक्रीट भरलं. आठवड्यानं खांब ठेवायला गेलो तर नैर्ऋत्येचा माथा पाच सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) खाली. नळी भरताना वाटाण्याएवढा हवेचा बुडबुडा मधल्या वळणात राहिला होता. बुडबुडा असला की नळी खोटं बोलते, आणि ती पाण्यासारख्या शांत चेहऱ्यानं बोलते. तेव्हा नळी भरल्यावर उन्हात पसरून अख्खी नजरेखालून घाला आणि प्रत्येक मोजणीआधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं येतंय का ते बघा. मला तीन इंची बोल्टनी वाचवलं. खांबाच्या पट्टीखाली एक नट आणि वर एक नट असे ठेवले की खालचं नट फिरवून खांब वर-खाली करता येतो. १२ मिलिमीटरच्या बोल्टवर दोन फेऱ्यांत साधारण एक सूत खांब वर येतो. म्हणजे पाच सुतांना दहाएक फेरे झाले.

सांगाडा

लाकूड मला आवडतं. पण चांगला साग परवडत नाही आणि स्वस्त लाकडाला आमच्याकडे वाळवी सोडत नाही. म्हणून लोखंडी चौकोनी पाईप, ५० बाय ५०, दोन मिलिमीटर जाडीचा. मीटरला तीन किलोच्या आसपास भरतो, म्हणजे ९ फुटी खांब आठ-नऊ किलोचा, एका हाती उचलता येतो. इंदूरच्या लोहामंडीतून पाईप घेतले आणि तळाच्या ६ बाय ६ इंची पट्ट्या, तसंच कोपऱ्यांची छोटी अँगलं, वेल्डिंगवाल्याकडून जोडून भोकं पाडून आणली. नट-बोल्ट, वॉशर, पत्र्याचे स्क्रू तिथल्याच सियागंज बाजारात. जागेवर वेल्डिंग ठेवूच नका. वेल्डिंग करताना दोन्ही तुकडे कोणीतरी धरावे लागतात; बोल्टाला मात्र दम असतो. एक टोक एका सैल बोल्टावर लटकवून ठेवा, शांतपणे चालत पलीकडे जा, शिडी चढा, दुसरं टोक जागेवर आणा. मधल्या वेळात चहासुद्धा होतो.

खांब बोल्टांवर ठेवला की दोन बाजूंनी दोन बांबूंचे टेकू बांधा, मग ओळंबा लावा. एका बाजूचा टेकू पुरत नाही, खांब दुसऱ्या बाजूला पडतो. सहा खांब, मग जमिनीपासून वर ठेवलेली तळाची चौकट, मग माथ्याच्या तीन तिरप्या तुळया, त्यांवर १४ फुटी चार पर्लिन (पत्रे ज्यांवर बसतात ते आडवे पाईप) तीन-तीन फुटांवर. तळाची चौकट आणि जमीन यांच्यात दीड फूट मोकळं ठेवा. माती फुगली तरी चौकटीला लागत नाही, आणि पावसात साप-विंचू आश्रयाला येतात ते दाराबाहेरच राहतात. प्रत्येक भिंतीत एक तिरपी पट्टी कोपऱ्यातून कोपऱ्यात हवीच. तिच्याशिवाय सांगाडा खाटेसारखा हलतो.

शेजारच्या शेतातला माणूस सायकल थांबवून बांधावरून ओरडला, "भिया, अकेले?" मी म्हटलं, हो. तो थोडा वेळ लटकलेल्या तुळईकडे बघत राहिला आणि म्हणाला, मला वाटलं ती पडतेय. पुढच्या रविवारपासून मी आल्या-गेल्याचं त्याला सांगून ठेवायचो. एकट्यानं काम करणाऱ्यानं हे करायलाच हवं: कधी निघणार ते कुणाला तरी माहीत हवं, आणि फोन पिशवीत न ठेवता अंगावरच्या खिशात हवा. शिडीचं वरचं टोक दर वेळी बांधायचं, दोन मिनिटांचं काम असलं तरी.

भिंती आणि पत्रे

आठ मिलिमीटरचा सिमेंट बोर्ड ८ बाय ४ फुटांचा घेतला तर तीसेक किलो भरतो. मी तो मधोमध कापून ४ बाय ४ चा केला. जोड जास्त आले, पाठ वाचली. चौकटीला खाली एक पट्टी तात्पुरती स्क्रूनं लावा, बोर्ड तिच्यावर बसवा, गुडघ्यानं दाबा आणि वरचा पहिला स्क्रू मारा. दोन बोर्डांत तीन मिलिमीटरची फट सोडा. कापताना धूळ उडते ती फुप्फुसाला वाईट. मास्क लावा आणि वाऱ्याकडे पाठ करा.

पत्रे पाच लागतात, १२ फुटी. पंधरा-सोळा किलोचा पत्रा उचलणं अवघड नाही, पण वाऱ्यात तो शीड होतो. मे महिन्यात दुपारी दोनला मी एक चढवायला गेलो आणि पत्रा मला घेऊन बांधापर्यंत गेला. कोपराला सात टाके पडले. आमच्या हिनं त्या संध्याकाळी विचारलं, "याचं दुसरं टोक कोणी धरलं होतं?" त्यानंतर पत्र्याचं काम फक्त सकाळी सहा ते नऊ.

रीत अशी: बुटक्या बाजूला दोन पाईप जमिनीपासून वळचणीपर्यंत टेकवा, पत्रा त्यावरून सरकवत वर ढकला, वरच्या टोकाला क्लँप लावून दोरी पलीकडे ओढा. आत घोडीवर फळी टाकून उभं राहा, छपरावर चढू नका. बसला की लगेच चार कोपऱ्यांना चार स्क्रू, बाकीचे नंतर. सुरुवात उत्तरेकडून करा. पावसातला वारा आपल्याकडे नैर्ऋत्येचा, त्यामुळे दक्षिणेकडचा पत्रा उत्तरेकडच्यावर चढलेला असला की जोडात पाणी शिरत नाही. शेजारचा पत्रा दीड नाळ (पत्र्याची लाट) चढवा आणि स्क्रू उंचवट्यावर मारा, कारण पाणी खोलगटातून वाहतं. रबरी वॉशर दबलं की थांबा. चेपलं तर तिथूनच गळतं.

पत्र्याखाली उन्हाळ्यात भट्टी होते. पर्लिनच्या खालून तारेनं बांबूची चटई ताणा, मध्ये चार इंच हवा राहू द्या, आणि दोन्ही टोकांना ती हवा बाहेर जायला जाळीची फट सोडा. वरून पांढरा रंग दिला तर आणखी फरक पडतो.

खांबाच्या पट्टीखालची, खालच्या नटांभोवतीची पोकळी सिमेंटनं भरून टाकायला सगळे सांगतात. पहिलं वर्षभर भरू नका. पहिल्या पावसात आत खडू घेऊन बसा, जिथे थेंब पडेल तिथे जमिनीवर फुली मारा आणि उघडीप पडल्यावर बरोबर त्याच्यावरचा स्क्रू बघा. मग ऑक्टोबरात माती सुकू लागली की सहाही खांबांना परत ओळंबा लावा. माझ्याकडे वायव्येचा खांब एक सूत खाली आला होता. वरचं नट सैल केलं, खालचं दोन फेरे फिरवलं, वरचं परत आवळलं.